महत्त्वाकांक्षा आणि घरचें पाणी

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे नववीच्या वर्गाला पहिला निबंध आम्ही एकच घालीत आलों आहों : 'माझी महत्त्वाकांक्षा'. विषय जुना आहे हें खरें. पण नव्या वर्गाची ओळख करून घेण्यास त्याहून सोयीचा विषय आम्हांस अद्याप सांपडलेला नाहीं. वह्यांचा गठ्ठा घरीं आणावा, रात्रीं जेवण झाल्यावर दिव्याखालीं घेऊन बसावें, आणि एकेकाचें भविष्य वाचावें! गेल्या जूनमध्यें अशाच बेचाळीस वह्या तपासावयास घेतल्या. डॉक्टर तेरा, इंजिनिअर अकरा, जिल्हाधिकारी सहा, सैन्यांत जाणारे पांच, क्रिकेट खेळणारे चार, आणि परदेशीं जाऊन पुष्कळ पैसा मिळविणारे, पण तो काय करून मिळविणार हें न ठरलेले दोन, असा हिशेब लागला. उरली एक वही.

ती मागच्या बांकावर बसणाऱ्या एका मुलीची होती. तिनें तीनच ओळी लिहिल्या होत्या. संध्याकाळीं आमच्या घरीं सगळीं एकत्र असतात तेव्हां मला फार बरें वाटतें. मोठी झाल्यावरहि संध्याकाळ तशीच असावी, एवढीच माझी इच्छा आहे, असा त्या ओळींचा आशय होता. आम्हीं तांबड्या शाईनें खालीं शेरा मारला, 'महत्त्वाकांक्षेचा अभाव. पुन्हां लिही,' आणि दहांपैकीं दोन गुण दिले.

वही परत घेतांना ती कांहीं बोलली नाहीं. मधल्या सुट्टींत मात्र शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन तिनें विचारलें, "सर, घरीं बरें वाटणें ही चूक आहे का?" तेवढ्यांत घंटा झाली, आणि आम्ही उत्तर न देतां पुढच्या वर्गावर गेलों. घंटेनें शिक्षकांना पुष्कळ वेळां वांचविलें आहे. त्या दिवशीं मात्र तिनें आम्हांला वांचविलें असें म्हणवत नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों. लेख विद्यार्थ्यांसाठीं आहे, आणि त्यांच्या आईबापांसाठींहि आहे; कारण वरील बेचाळीस वह्यांपैकीं निदान निम्म्या त्यांनींच सांगून लिहविल्या असाव्यात असा आमचा संशय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. महत्त्व म्हणजे मोठेपण, आणि आकांक्षा म्हणजे इच्छा. ह्या दोहोंच्या संधीनें 'महत्त्वाकांक्षा' हा शब्द झाला. (ह्यांत दोन त आहेत हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. बहुतेक वह्यांत एकच होता.) शब्दांत मोठेपणाची इच्छा एवढेंच आहे, कोणापेक्षां मोठें, हें त्यांत कोठेंहि नाहीं. 'कोणापेक्षां' हें मनांत शिरलें कीं महत्त्वाकांक्षेची ईर्षा होते, आणि 'किती' ह्या प्रश्नाला उत्तर उरलें नाहीं कीं तिची हांव होते. आपल्या बोलींत ह्याच घराण्यांतला आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे उमेद. हा फारसींतून आला आणि मराठींत इतका रुळला कीं आतां तो पाहुणा वाटत नाहीं. उमेदींत आशा आहे, अंगांतला जोर आहे, पण दुसऱ्याला मागें टाकण्याची कल्पना नाहीं. म्हातारा शेतकरी पेरणीच्या वेळीं उमेदीनें उठतो. तो शेजाऱ्याला हरविण्यासाठीं उठत नाहीं.

'समाधान' हा शब्द त्याहून विचार करण्यासारखा आहे. सम्, आ आणि धा असे त्याचे घटक आहेत. नीट एकत्र ठेवणें, विस्कटलेलें जागच्या जागीं बसविणें, असा मूळचा अर्थ. म्हणून तर आपण शंकेचेंहि समाधान करितों. समाधान म्हणजे हातपाय गाळून बसणें असें पुष्कळांस वाटतें, आणि त्या समजुतीमुळेंच महत्त्वाकांक्षी माणसाला ह्या शब्दाचा तिटकारा येतो. पण शब्दांत तर काम सांगितलें आहे. दिवस मावळतां आई घर आवरते, भांडीं फळीवर जातात, वह्या दप्तरांत जातात, अंथरुणें पडतात. समाधान ह्या शब्दाच्या मूळ अर्थाला ह्याहून जवळचें चित्र आम्हांस आठवत नाहीं.

आतां शब्द सोडून रस्त्यावर येऊं. शहराच्या पश्चिमेस छावणी ओलांडली कीं आमचें पडेगांव लागतें. येथून पुढें मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ असा रस्ता जातो. पूर्वीं हें लहान खेडें होतें; आतां रस्त्याच्या दोन्ही बाजूंनीं इमारती उठल्या आहेत. शेळ्यामेंढ्यांचें सरकारी प्रक्षेत्र मात्र आहे. रस्त्याला लागून शिकवणीच्या वर्गांचे मोठाले फलक आहेत, आणि ज्यांचा नंबर लागला त्यांचे हंसरे फोटो त्यांवर असतात. ज्यांचा लागला नाहीं त्यांचे फोटो कोणी लावीत नाहीं; लावावयाचे ठरविलें तर फलक वेरूळपर्यंत पोहोंचेल.

फलक नवे आहेत, पण महत्त्वाकांक्षा ह्या रस्त्याला नवी नाहीं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी देवगिरीस हलविण्याचें ठरविलें, गांवाला दौलताबाद हें नांव दिलें, आणि दिल्लीच्या मोठमोठ्या लोकांना कुटुंबांसह इकडे यावयास लाविलें. कल्पना अगदींच वेडगळ नव्हती. राज्य दक्षिणेकडे पसरलें होतें, आणि दिल्ली एका टोंकाला पडत होती. परंतु माणसाचें घर म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचें प्यादें नव्हे, ही गोष्ट सुलतानाच्या हिशेबांत आली नाहीं. थोड्याच वर्षांत बेत फसला आणि लोकांना परत जाण्याची मोकळीक द्यावी लागली. दौलताबाद आणि खुलताबाद ह्यांच्या मध्यें कागजीपुरा नांवाचें एक लहान गांव आहे. हातकागद करण्याबद्दल तें प्रसिद्ध आहे, आणि तुघलकाच्या वेळीं आलेल्या कारागिरांनीं तें वसविलें असें परंपरेनें सांगतात. राजधानी गेली, आणि लगद्यांत हात घालून कागद उचलणारे राहिले!

ह्या भागांतील सर्वांत मोठ्या महत्त्वाकांक्षी पुरुषाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती आम्ही जरा विस्तारानें सांगणार आहों. मलिक अंबर सुमारें १५४८ मध्यें हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपिया देशांत, जन्मला. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असा बाजार फिरत फिरत तो दक्षिणेंत आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान ह्यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीजखानहि मूळचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. विजापूर, गोवळकोंडें अशी चाकरी करीत, हाताशीं थोडेसे स्वार जमवीत तो वर चढला. १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला, आणि निजामशाही संपली असें सर्वांना वाटलें. तेव्हां ह्या माणसानें निजामशाही घराण्यांतला एक वारस शोधून त्याला गादीवर बसविलें, आणि पुढचीं पंचवीस वर्षें मोगली फौजांना दक्षिणेंत सुखानें बसूं दिलें नाहीं. १६२४ मध्यें नगरजवळ भातवडी येथें त्यानें मोगल व विजापूरकर ह्यांच्या फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईंत त्याच्या बाजूनें लढले होते.

येथें थोडें थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'आहे त्यांत समाधान मान' हा उपदेश मलिक अंबरानें ऐकला असता, तर तो बगदादच्या एखाद्या घरीं गुलाम म्हणूनच मेला असता. हा उपदेश करणारा बहुधा खुर्चीवर बसलेला असतो, आणि ऐकणारा उभा असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्हीं पालकांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहे. आणि दुःखानें सांगावें लागतें कीं ती मुलाच्या दुचाकीच्या वेळीं क्वचित्, व मुलीच्या कॉलेजच्या वेळीं हटकून ऐकूं येते. अंथरूण अपुरें असेल तर पाय आंखडण्यापेक्षां अंथरूण वाढविण्याची खटपट करावी, ह्यांत गैर कांहीं नाहीं. तेव्हां आमचें उत्तर महत्त्वाकांक्षेच्या विरुद्ध आहे असें कोणीं समजूं नये.

आतां पुढें. १६१० च्या सुमारास अंबरानें खडकी ह्या गांवीं आपलें शहर वसविलें. हेंच आमचें शहर. जागा लष्करी दृष्टीनें चांगली होती, पण नांवाप्रमाणेंच खडकाळ. इतक्या वस्तीला पुरेल असें पाणी तेथें नव्हतें. राज्य मिळविणाऱ्यानें पाण्याची चिंता भिश्त्यांवर सोंपविली असती तरी कोणी दोष दिला नसता. अंबरानें ती आपल्यावर घेतली. शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागांत जमिनींत मुरलेलें पाणी भुयारी कालव्यांत गोळा करावयाचें, आणि अगदीं बेताच्या उतारानें तें जमिनीखालूनच शहरांत आणावयाचें, अशी ही योजना होती. वाटेंत ठिकठिकाणीं विहिरीसारखीं तोंडें ठेविलेलीं असत, म्हणजे माणसाला आंत उतरून गाळ काढतां येई. पाणी झांकलेलें, म्हणून उन्हानें आटत नाहीं. वाहतें, म्हणून कुजत नाहीं. आणि उतारावरून येतें, म्हणून तें ओढावयास बैल लागत नाहींत. इराणांत ही रीत फार जुनी. बऱ्हाणपूर व बिदर येथेंहि अशीं कामें झालेलीं आहेत. आमच्या शहरांतल्या कामाला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढें त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचें पाणी अशाच एका निराळ्या नहरीनें मातीच्या नळांतून दुरून येतें, आणि चक्कीजवळच्या उंच भिंतींत चढून खालीं पडतें. त्याच्या जोरावर पूर्वीं तेथें दर्ग्यांत येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं आणि गोरगरिबांसाठीं दळण दळलें जाई.

मलिक अंबर १६२६ मध्यें वारला. १६३३ मध्यें दौलताबादचा किल्ला मोगलांनीं घेतला, आणि १६३६ मध्यें निजामशाहीचा शेवट झाला. ज्या राज्यासाठीं त्यानें सारें आयुष्य घोड्यावर काढलें, तें त्याच्यामागें दहा वर्षें टिकलें. शहराचें नांवहि टिकलें नाहीं. खडकीचें फत्तेनगर झालें, त्याचें औरंगाबाद झालें, आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालें. नहरीचें पाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहिलें. निजामशाही कोणती आणि मोगलाई कोणती हें ज्या बायांना सांगतां आलें नसतें, त्यांनीं तीनशें वर्षें त्या पाण्याचे हंडे भरले, पोरें न्हाऊं घातलीं, डाळ शिजविली. अंबराच्या सर्व लढायांचे सन आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. ह्या डाळीचा सन कोठेंहि लिहिलेला नाहीं.

त्याच रस्त्यानें पुढें, पडेगांवाहून अठरा-वीस किलोमीटरांवर, खुलताबादेस आणखी एक थडगें आहे. औरंगजेब बादशहा १६८१ च्या अखेरीस दक्षिणेंत उतरला, तेव्हां त्याचें वय त्रेसष्ट होतें. विजापूर १६८६ मध्यें व गोवळकोंडें १६८७ मध्यें त्यानें घेतलें. १६८९ मध्यें छत्रपति संभाजीमहाराजांचा त्यानें क्रूरपणें वध करविला. आतां सर्व संपलें असें त्याला वाटलें असावें. पण मराठ्यांचें युद्ध राजाराममहाराज आणि त्यांच्यामागें ताराबाई ह्यांनीं चालूच ठेविलें, आणि बादशहाला एकामागून एक किल्ल्याखालीं तंबू ठोकीत हिंडावें लागलें. पंचवीस वर्षें तो दिल्लीस परत गेला नाहीं. शेवटीं १७०७ मध्यें नगरजवळ छावणींतच त्याचा अंत झाला. त्याची कबर साधी, वर छप्पर नसलेली आहे. संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची, विसाव्या शतकांतली. स्वतः शिवलेल्या टोप्या विकून मिळालेल्या थोड्या पैशांतून तिचा खर्च व्हावा अशी त्याची इच्छा होती असें सांगतात. तसें असेल तर आम्हांस त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला अखेरीस आपला म्हणावा असा पैसा सुईदोऱ्याच्या कामांतच दिसला!

बादशहाच्या पंचवीस वर्षांच्या तंबूंविषयीं आम्ही वर्गांत जरा तावातावानें बोलतों. त्याचें कारण आतां सांगणें प्राप्त आहे. आम्हींहि नऊ वर्षें तंबूंतच काढिलीं आहेत.

नगरच्या कॉलेजांतून पदवी घेऊन, पुढें शिक्षणशास्त्र संपवून, आम्ही येथें शाळेंत लागलों तेव्हां ही नोकरी दोनतीन वर्षांपुरती, असा आमचा अजमास होता. कोठें तरी प्राध्यापक व्हावें, प्रबंध लिहावा, आपल्या नांवामागें डॉक्टर ही पदवी लागावी, ही त्या वेळची आमची महत्त्वाकांक्षा. पडेगांवांत दोन खोल्या घेतल्या. बरोबर पुस्तकांच्या सात पेट्या होत्या. त्या भिंतीशीं एकावर एक रचल्या, आणि तशाच ठेविल्या. उघडाव्या कशाला? लौकरच पुन्हां बांधाव्या लागणार! पहिल्याच पावसाळ्यांत घरांतून विचारणा झाली, "अहो, मागच्या दारीं कढीपत्त्याचें रोप लावूं का?" आम्ही म्हटलें, "कोणासाठीं? पुढच्या भाडेकऱ्यासाठीं?" रोप लागलें नाहीं. शेजारीं कोण राहतात, त्यांचीं मुलें कोणत्या इयत्तेंत आहेत, हें आम्हांस चार वर्षें ठाऊक नव्हतें. पहिलें मूल झालें, दुसरें झालें. त्यांच्या बाळपणाचीं वर्षेंहि पुढें कधींतरी नीट पाहूं म्हणून आम्हीं जणूं पेटींत घालून ठेविलीं. पेटींतलीं पुस्तकें निदान परत काढतां येतात.

मुलाखती पांच झाल्या. शेवटची झाली तिचें पत्र एका मंगळवारीं दुपारीं आलें. अन्य उमेदवाराची निवड झाली होती, आणि आमचें वय पाहतां पुढें बोलावणें येण्याचा संभव नव्हता. पत्र हातांत घेऊन आम्ही ओट्यावर बसलों. नेमका तो पाण्याचा दिवस होता. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत पैठणला जायकवाडीचें धरण झालें आणि तेथील पाणी शहराला मिळूं लागलें. पण गेलीं कित्येक वर्षें शहरांत नळाचें पाणी रोज न येतां दिवसांच्या अंतरानें येत आलें आहे, हें येथल्या वाचकांस सांगावयास नकोच. आमच्या गल्लींत त्या वेळीं आठवड्यानें नळ आला होता. पलीकडच्या घरांतल्या आजी हंडा घेऊन आल्या, आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "काय मास्तर, चेहरा कां उतरला? आधीं पाणी भरून घ्या. चेहरा मागाहून पाहूं."

आम्ही उठलों. दोन तास पाणी भरलें. आजींचा हंडा, समोरच्यांचीं पिंपें, आमचा माठ, न्हाणीघरांतलें घंगाळ. दोन्ही मुलें लोटे घेऊन मध्यें मध्यें लुडबुडत होतीं आणि चिंब झालीं होतीं. नळ गेला तेव्हां अंधार पडला होता. पाठ दुखत होती. माठांतलें पहिलें भांडें प्यालों, आणि एकदम ध्यानांत आलें कीं त्या दोन तासांत पत्राची आठवण एकदांहि झाली नव्हती. दुःख गेलें होतें असें नव्हे. तें पुढें कित्येक महिने येत जात राहिलें. आजहि एखाद्या जुन्या मित्राच्या नांवामागें ती पदवी पाहिली कीं पोटांत थोडें हलतें, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्या संध्याकाळीं आम्हीं नऊ वर्षांनंतर प्रथमच आपल्या घरांत जेवलों असें वाटलें. तिच्या आधीं आम्ही जेवत होतों तें जणूं स्टेशनांत.

दुसऱ्या दिवशीं पेट्या उघडल्या. खालच्या दोन पेट्यांतलीं बहुतेक पुस्तकें वाळवीनें खाल्लीं होतीं. ज्या टिपणांच्या भरंवशावर प्रबंध लिहावयाचा होता, त्यांची माती झाली होती. वाळवीनें सोडलेल्यांत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या पुस्तकाची नगरला असतांना घेतलेली एक प्रत होती. कॉलेजांत ती परीक्षेपुरती वाचली होती; आतां पुन्हां वाचली, आणि वेगळीच वाटली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवि. ख्रिस्तचरित्रावर मराठींत एक महाकाव्य रचावें ही त्यांची फार मोठी आकांक्षा होती. 'ख्रिस्तायन' त्यांनीं आरंभिलें, पण १९१९ मध्यें त्यांचें देहावसान झालें तेव्हां तें अपुरेंच होतें. तें पुढें नेण्याचें काम कोणीं केलें? लग्नानंतर ज्यांना नवऱ्यापाशीं बसून अक्षरें गिरवावीं लागलीं त्या लक्ष्मीबाईंनीं. आणि ते दिवस सरत आले असतांना त्यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झाल्या. त्यांत विसराळू आणि लहरी नवरा आहे, घरीं येऊन राहणारे पाहुणे आहेत, पैशाची ओढाताण आहे, रुसवे आहेत, स्वतःची फजिती तर पानोपानीं आहे. महाकाव्याचा विषय त्यांत कांहीं नाहीं. तरी महाकाव्य आज अभ्यासक वाचतात, आणि 'स्मृतिचित्रें' मात्र ज्यानें त्यानें घरांतली गोष्ट म्हणून वाचावीं असें पुस्तक झालें आहे. आम्हांस ह्यांतून काव्याची निंदा करावयाची नाहीं. टिळकांच्या त्या ओढीवांचून लक्ष्मीबाईंच्या हातीं लेखणी तरी आली असती कीं नाहीं, कोण जाणे. पण आम्ही त्या रात्रीं वाळवीनें कुरतडलेल्या प्रतीवर बोट ठेवून बराच वेळ बसलों होतों.

पालकांस येथें एक विनंति आहे. मुलानें मोठें व्हावें असें तुम्हांस वाटतें तें योग्यच. पण 'तुझा नंबर लागला कीं मग,' 'तुला नोकरी लागली कीं मग,' अशी वाक्यें दिवसांतून किती वेळां आपल्या तोंडीं येतात, तें एकदां मोजावें. मग सिनेमा, मग आजोळ, मग मित्र, मग झोंप! पंधरा वर्षांच्या मुलाला आपण ओट्यावर सामान बांधून बसवितों, आणि गाडी आली नाहीं म्हणजे त्याला घर उरत नाहीं. नंबर न लागल्यावर मुलें आईबापांशीं बोलावयाचीं बंद होतात, त्याचें कारण लाज एवढेंच असतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या घरांत परत यावयाचें तें घर त्यांनीं पाहिलेलेंच नसतें.

आतां त्या वहीकडे वळूं. तांबडी शाई पुसतां येत नाहीं. खोडून वर सही केली म्हणजे ती अधिकच दिसते. म्हणून आम्हीं दुसरा उपाय केला. मुलीला बोलावून सांगितलें, "शेरा आमचा चुकला. तुझ्या घरची संध्याकाळ कशी असते, तेवढें नीट लिहून आण." तिला तें शिक्षेसारखें वाटलें असावें, कारण ती 'बरं' म्हणून मान खालीं घालून गेली. चार दिवसांनीं तिनें चार पानें आणून दिलीं. वडील वाळूजच्या कारखान्यांतून पाळी संपवून येतात, ते आधीं चपला झटकतात, आणि त्या आवाजावरून दिवस कसा गेला हें आईला कळतें. धाकटा भाऊ पाढे मोठ्यानें म्हणतो, आणि सत्ताविसाच्या पाढ्यांत रोज एकाच ठिकाणीं चुकतो. आजी ती चूक दुरुस्त करीत नाहीं. ती म्हणते, तेवढी राहूं द्या, म्हणजे तो अजून लहान आहे असें वाटतें. पाण्याच्या दिवशीं जेवण उशिरां होतें. वीज गेली तर सगळीं गच्चीवर जातात, आणि तेथून रात्रीं दौलताबादच्या रस्त्यावरचे दिवे दिसतात. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. आम्हीं दहांपैकीं नऊ गुण दिले, आणि तिच्या परवानगीनें तो निबंध वर्गांत वाचून दाखविला. होऊं घातलेले तेरा डॉक्टर आणि अकरा इंजिनिअर अगदीं शांत बसून ऐकत होते.

त्याच आठवड्यांत इतिहासाच्या तासाला नहरीचा धडा निघाला. आम्हीं नेहमींप्रमाणें सन सांगितले, फळ्यावर उतार काढून दाखविला. मागच्या बांकावरून हात वर आला. "सर, जमिनीखालचा उतार वरून दिसत नाहीं. मग खणणाऱ्यांना तो कळला कसा?" वीस वर्षें हा धडा शिकवितों आहों, पण हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता, आणि आम्हांसहि सुचला नव्हता. पाणी स्वतःच पातळी दाखवितें, एवढें कांहींतरी आम्ही पुटपुटलों. तिचें त्यानें समाधान झालें नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावर दिसत होतें. येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर वर्गाला घेऊन पाणचक्कीस जावयाचें ठरलें आहे. तिनें घरून पारदर्शक नळी आणि मोजपट्टी आणण्याचें कबूल केलें आहे.